भट्टीत न गेलेले नऊ मणी

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, सायंप्रार्थनेच्या वेळी, आमच्या थोरल्या बहिणीच्या जपमाळेतील एक मणी दुभंगला. माळ पडली नव्हती, कोठे आपटली नव्हती. तिसरे दशक चालू असताना तिच्या बोटांना मण्याऐवजी नुसती तार लागली, आणि निळ्या काचेचे दोन तुकडे तिच्या पदरात पडले. तो मणी आम्ही स्वतः केला होता. तो असा एखाद्या दिवशी दुभंगू शकेल हे आम्हांला माळ देतानाच ठाऊक होते, आणि तिला ते ठाऊक नव्हते. या लेखात आम्ही जे काही सांगणार आहोत ते सारे या दोन वाक्यांतील अंतराविषयी आहे.

वस्तू सुंदर आहे, देणाऱ्याचा हेतू प्रेमाचा आहे, घेणाऱ्याला आनंद झाला आहे, आणि वस्तूतील दोष कोणालाही दिसत नाही. अशा वेळी तो दोष नैतिक अर्थाने दोष ठरतो काय? ठरत असेल तर तो नेमका कधी घडला: वस्तू फुटली तेव्हा, दिली तेव्हा, की त्याच्याही आधी? प्रश्न एका मण्याचा आहे म्हणून तो लहान आहे असे आरंभी आम्हांलाही वाटले होते.

प्रथम हे काचकाम आमच्या हाती कसे आले ते सांगितले पाहिजे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या कन्येकडे इंग्लंडात पाच महिने राहिलो. ती बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस, स्टूरब्रिज या गावाजवळ राहते. हा सारा मुलूख काचेचा. तेथे जमिनीखाली दगडी कोळसा आहे आणि भट्टीच्या प्रखर उष्णतेतही टिकणारी माती आहे. त्यामुळे सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सकडील लोरेन प्रांतातून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी येथे भट्ट्या घातल्या. वर्ड्सली येथे अठराव्या शतकाच्या अखेरीचा एक विटांचा शंकू अद्याप उभा आहे. तो सुमारे शंभर फूट उंच आहे. भट्टी आत मधोमध असे आणि कारागीर तिच्याभोवती काम करीत. त्याच्यासमोरच २०२२ साली काचेचे संग्रहालय उघडले. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडे, आणि करण्यासारखे काही नसे. कन्येने आमचे नाव मणी करण्याच्या एका संध्याकाळच्या वर्गात घातले. आठवड्यातून एक दिवस, आणि शिकणारे आम्ही सहा जण. शिकविणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. आयुष्यभर मुलांना शिकविलेल्या माणसाने पुन्हा बाकावर बसावे, यात थोडी गंमत होती आणि थोडी भीतीही होती.

या कामाची रीत अशी. टेबलाला गॅसचा बर्नर घट्ट बसविलेला असतो, आणि गॅससोबत प्राणवायू सोडून त्याची ज्योत धारदार केलेली असते. एका हातात पोलादाची बारीक सळई. तिला आधी चिकणमातीसारखा लेप देऊन वाळविलेला असतो, नाहीतर काच लोखंडाला कायमची चिकटून बसेल. दुसऱ्या हातात बोरूएवढी जाड काचेची कांडी. कांडी एकदम ज्योतीत धरली की तडकून तिचे कपचे उडतात. म्हणून तिला ज्योतीच्या टोकाशी हळूहळू तापवीत आत आणावे लागते. टोक वितळून मधासारखे झाले, की ते सळईवर गुंडाळायचे आणि सळई फिरवत राहायचे. काच तापली की तिच्यातील सोडियममुळे पिवळा झगझगाट होतो आणि मणी दिसेनासा होतो, म्हणून डोळ्यांना तो पिवळा प्रकाश अडविणारा खास चष्मा लावतात. मणी गार झाल्यावर पाण्यात भिजवून सळईवरून ओढून काढायचा. सळईच्या जागी जे भोक उरते, तेच माळेसाठीचे भोक.

फिरविणे हेच त्यातले मर्म. वितळलेली काच जमिनीकडे ओढली जाते. सळई क्षणभर थांबली की मणी एका अंगाला लोंबतो. ती सारख्या वेगाने फिरत राहिली, की काच आपल्याच पृष्ठताणाने गोल होते. गोलपणा देणारे आपण नव्हे. आपण फक्त तिच्या आड यायचे नाही. हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, आणि आमच्या हाताला ते कळायला सहा आठवडे लागले. आमचे पहिले मणी पाहून कन्येची धाकटी मुलगी म्हणाली, “आजोबा, हे चिंचोके आहेत का?” काही एका बाजूला जाड होते. काहींच्या कडा भोकाशी धारदार राहून बोटाला कापत होत्या, आणि काहींवर ज्योतीच्या काजळीचा डाग होता.

या दिसणाऱ्या दोषांनी आम्हांला कधी त्रास झाला नाही, उलट त्यांचा आधार वाटला. वाकडा मणी आपण वाकडा आहोत हे कोणापासून लपवीत नाही. करणारा आणि पाहणारा, दोघांच्या पुढे तो सारखाच उघडा असतो. ज्याला हवा तो घेईल, नको तो ठेवील. नवशिक्याचे काम वाईट असणे हा अपराध नव्हे. नवशिका असण्याचाच तो अर्थ आहे. बाई आमचे चिंचोके हातात घेऊन उजेडात धरीत आणि अगदी गंभीरपणे सांगत, की येथे आपण थांबलात, येथे घाई केलीत. आमच्या वर्गात आम्ही मुलांच्या वह्या इतक्या आदराने तपासल्या होत्या काय, असा प्रश्न तेव्हा मनात येऊन गेला.

परंतु काचेत दुसऱ्या जातीचाही दोष असतो, आणि तो दिसत नाही. मणी ज्योतीबाहेर काढला की त्याचा बाहेरचा थर आधी गार होतो आणि घट्ट होतो. आतली काच तेव्हाही तप्त असते. मागाहून ती गार होऊन आकसू पाहते, पण बाहेरच्या घट्ट कवचाने तिला धरून ठेवलेले असते. त्यामुळे मण्याच्या पोटात ओढाताण कायमची कोंडून राहते. असा मणी दिसायला निर्दोष असतो, हातात घेतला तर गुळगुळीत लागतो, आणि महिनोन्महिने टिकतोही. पुढे एखादा बारीक ओरखडा पडतो, हवेतील ओलाव्याने तो कणाकणाने खोल जातो, आणि एके दिवशी काही कारण नसताना मणी उकलतो. यावर उपाय एकच. मणी गरम असतानाच भट्टीत ठेवायचा, आमच्या जातीच्या काचेसाठी सुमारे ५१० अंश सेल्सिअसवर काही काळ राहू द्यायचा, आणि मग काही तासांत अतिशय सावकाश गार करायचा. याला ॲनीलिंग म्हणतात. त्या उष्णतेत काच वितळत नाही, आकारही बदलत नाही. फक्त आतली ओढाताण सैल होऊन जाते. भट्टीत जागा नसली तर मणी तात्पुरते व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे भाजून फुगविलेल्या खनिजाच्या दाण्यांच्या डब्यात खुपसून ठेवतात. त्याने गार होणे थोडे लांबते, मणी तेथल्या तेथे तडकत नाही, पण ताण पुरता जात नाही. बाईंचा नियम होता, की भट्टीत न गेलेला मणी वर्गाबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या म्हणत, “दोन मणी शेजारी ठेवले तर कोणता भट्टीत जाऊन आला हे मलाही सांगता येणार नाही. म्हणून तर हा नियम आहे.”

जपमाळ करण्याची कल्पना आम्हांला जानेवारीत सुचली. मणी आणि प्रार्थना यांचे नाते जुने आहे. इंग्रजीत मण्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच प्रार्थना असा होता. मोजण्याच्या क्रियेवरून तो मोजायच्या वस्तूला चिकटला. व्हेनिसमध्ये माळेचे मणी करणाऱ्यांना प्रभूच्या प्रार्थनेच्या लॅटिन नावावरून ‘पातेरनोस्त्रेरी’ म्हणत. मे महिन्यात बायच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. थोरल्या बहिणीला आम्ही सगळी भावंडे बाय म्हणतो. आई आजारी असताना हिनेच आम्हांला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडले. तिच्यासाठी पाच दशकांची माळ करायची, म्हणजे एकोणसाठ मणी: त्रेपन्न पारदर्शक निळे, आणि प्रभूच्या प्रार्थनेचे सहा अपारदर्शक पांढरे. तोवर आमचे मणी गोल होऊ लागले होते. दर आठवड्याला पाच-सहा चांगले जमत. ते रात्री भट्टीत राहत आणि पुढच्या आठवड्यात हाती मिळत.

मार्चच्या अखेरच्या वर्गाला आमच्याजवळ पन्नास मणी तयार होते. त्या संध्याकाळी हात असा काही चालला, की नऊ निळे मणी एकामागून एक उतरले, आणि नऊही चांगले. चार दिवसांनी विमान होते. बाई म्हणाल्या, “हे ठेवून जा. पुढल्या आठवड्यात भट्टी लावीन आणि टपालाने तुमच्या घरी पाठवीन.” मे महिन्याला अद्याप पाच आठवडे होते. मणी वेळेवर आले असते. तरीही आम्ही म्हणालो, की मुंबईत भट्टी मिळेल, तेथे करून घेऊ. हे अगदी खोटे नव्हते. मुंबईसारख्या शहरात भट्टी असणारच. परंतु ती शोधायची नाही हे आम्ही बोलत असतानाच ठरवून टाकले होते. आम्हांला पुरी झालेली माळ स्वतःच्या पिशवीत घालून घरी न्यायची होती, एवढीच गोष्ट. घरी आल्यावर ते नऊ मणी आम्ही बाकीच्या पन्नासांच्या डब्यात टाकले, आणि झाकण लावून डबा हलविला.

डबा हलविण्याची काही गरज नव्हती. त्या एका क्रियेकडे आम्ही पुढे पुन्हा पुन्हा परत गेलो आहोत. नऊ मणी वेगळे ठेवले असते तर विचार बदलण्याची वाट उघडी राहिली असती. आम्ही ती वाट स्वतःच बुजविली, आणि मग स्वतःला म्हणालो, की आता तर आपल्यालाही कोणते ते ठाऊक नाही. अज्ञान हे पुष्कळदा असे हाताने तयार केलेले असते.

गावातील एका बाईंनी प्रत्येक मण्यातून तार घालून, कड्या वळवून माळ जुळवून दिली. पन्नासाव्या वाढदिवसाच्या मिस्सानंतर बायने ती डोळ्यांना लावली, आणि पुढे पाच महिने रोज हाती घेतली. मग ऑक्टोबर आला. वाडीतल्या घरोघरी आळीपाळीने होणारी प्रार्थना त्या दिवशी तिच्याच घरी होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. काचेचे दोन तुकडे तिने आगपेटीत कापूस घालून आणले होते. बायच्या हाताला अलीकडे थोडा कंप आहे. ती म्हणाली, “माझ्याच हातून झालं रे. बोटं थरथरतात ना, दाबला गेला असेल. तू परदेशात बसून एवढं केलंस, आणि मला सांभाळता आलं नाही.” आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, “असू दे बाय. एका मण्याचं काय मोठंसं!”

आम्ही तिला क्षमा केली. जिने काही केले नव्हते तिला, ज्याने केले होते त्याने.

त्या रात्री, आणि नंतरच्या काही रात्री, आम्ही स्वतःच्या बाजूने पुष्कळ युक्तिवाद केला. पहिला असा, की ही भेट होती, विक्री नव्हती. विकत घेणाऱ्याला हक्क असतो, भेट घेणाऱ्याला नव्हे. परंतु विकत घेणारा निदान वस्तू पारखून घेतो. भेट घेणारा पारखीत नाही, कारण पारखणे हा देणाऱ्याचा अपमान होईल. म्हणजे ज्याने विश्वासाने डोळे मिटले त्याच्याविषयीची जबाबदारी अधिक, कमी नव्हे. दुसरा युक्तिवाद, की आम्ही नवशिके होतो. होतो खरे, पण नवशिकेपणाने मणी वाकडे झाले होते, भट्टी चुकली नव्हती. भट्टीविषयी जे जाणायचे ते आम्ही पहिल्या आठवड्यापासून जाणत होतो. तिसरा, की मणी फुटलाच नसता तर? कित्येक मणी ॲनीलिंगवाचून वर्षानुवर्षे टिकतातच. हा युक्तिवाद आम्हांला सर्वांत प्रिय होता. पण त्याचा अर्थ एवढाच होतो, की कृत्य बरे की वाईट हे ते केल्यानंतर सात महिन्यांनी एखाद्या ओरखड्याने ठरवावे. चौथा, की हेतू प्रेमाचा होता. यावर आम्ही फार वेळ थांबलो, कारण तो खरा होता. प्रेम होतेच. परंतु डबा हलविताना जो हेतू होता तो प्रेमाचा नव्हता. तो पुरी झालेली माळ मिरविण्याचा होता. एकाच कृत्यात दोन हेतू असू शकतात, आणि त्यातला चांगला तेवढा आपण नंतर साक्षीला बोलावतो.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर आमच्यापुढे आले. लपविलेल्या दोषाचे खरे वाईट वस्तू फुटण्यात नाही. फुटणार तर सारेच आहे. ते यात आहे, की वस्तू फुटते तेव्हा दोष कोणाचा हे ज्याला ठाऊक आहे तो तेथे नसतो किंवा गप्प असतो. आणि ज्याच्या हातात ती फुटली तो प्रामाणिक माणूस आपल्याच हाताकडे पाहतो. दिसणारा दोष देणाऱ्याकडे राहतो. लपविलेला दोष वस्तूबरोबर घेणाऱ्याच्या घरी जातो, आणि तेथे त्याच्या नावावर चढतो.

हे लक्षात आले तेव्हा आम्हांला मण्याची नव्हे, एका मुलाची आठवण झाली. १९९१ साली आमच्या सातवीच्या वर्गात तो होता. त्याला व्यवहारी अपूर्णांक मुळीच येत नव्हते. पाव आणि अर्धा मिळून किती, हे त्याला भाकरीचे तुकडे पुढे ठेवून सांगता आले असते. कोणी तसे शिकविले नव्हते. आम्हीही नव्हते. वर्ग साठ मुलांचा होता आणि निकाल चांगला लागायला हवा होता. आम्ही त्याच्या उत्तरपत्रिकेत काही गुण वाढविले आणि त्याला वर ढकलले. ही दया आहे असे आम्ही तेव्हा समजलो. त्याच्या बापाने आमचे हात धरून आभार मानले. आठवीने आणि नववीनेही तेच केले. दहावीला तो गणितात नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, आणि शाळा सुटली. बाप आमच्याकडे येऊन म्हणाला, “सर, तुम्ही पुष्कळ केलंत. पोरगंच मठ्ठ निघालं.” तेव्हाही आम्ही म्हणालो होतो, “असू द्या.”

एकदा दृष्टीला हे लागले, की ते जागोजागी दिसू लागते. आपल्या भागात इमारती उठतात. नव्या स्लॅबला ठरलेले दिवस पाणी मारले की नाही, हे रंग दिल्यावर कोणालाही सांगता येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी गळू लागली की राहणारे म्हणतात, आम्हीच कुंड्या ठेवल्या. खुद्द मण्याचाही इतिहास असाच आहे. १२९१ साली आगीच्या भीतीने व्हेनिसच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविण्यात आल्या, आणि पुढल्या शतकांत तेथले देखणे मणी जगभर गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्या मालाच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली त्यात हेही मणी होते. एकाच शहरातला मणी एका हातात प्रार्थना मोजीत होता आणि दुसऱ्या हातात माणसाची किंमत. आपल्या देशातही फिरोजाबादच्या बांगड्यांच्या धंद्यात कैक वर्षे लहान मुले धगीपुढे बसली. १९८६ च्या कायद्याने धोक्याच्या कामांत मुलांना बंदी केली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यावर सर्वसाधारण बंदी आली. बांगडी मात्र मनगटावर तशीच किणकिणत असे. तिच्या आत कोणता ताण आहे हे तिच्याकडे पाहून कळत नसे.

येथे कोणी विचारील, की मग माणसाने काही देऊच नये काय? प्रत्येक वस्तूत काही ना काही उणे असते. सारी उणीव मोजून सांगत बसलो तर आईला मुलाच्या पानात भाजी वाढता येणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. फाजील काटेकोरपणा हाही एक प्रकारचा अहंकारच. त्यात माणूस दुसऱ्याचा विचार सोडून स्वतःच्या शुद्धतेकडे पाहत बसतो. आम्हांला जी मर्यादा सापडली ती इतकीच: जे न सांगितल्यामुळे उद्या दुसऱ्याला स्वतःचा दोष नसताना स्वतःला दोष द्यावा लागेल, ते सांगितले पाहिजे. बाकीचे सोडून देता येते. मणी थोडा लांबट आहे हे सांगावे लागत नाही. भट्टीत गेला नाही हे सांगावे लागते. आणि सांगायचे राहिले, तर उशिरा सांगणे हे न सांगण्यासारखे नव्हे. चोरीची कबुली दिली तरी चोरलेले परत करावे लागते, हे आपल्याला लहानपणी शिकविले गेले आहे. येथे परत करण्यासारखी वस्तू एकच होती. बायचा स्वतःच्या हातावरचा विश्वास.

नऊ दिवसांनी आम्ही तिच्याकडे गेलो आणि सारे सांगितले. डबा हलविल्याचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझा हात नव्हता?” आम्ही म्हटले, “नव्हता, बाय.” तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. मग ती हसली, आणि म्हणाली, “नऊ दिवस मी आपली माळेला भीत होते रे!”

आता उरलेले आठ शोधायचे होते. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमचे जुने सहकारी आहेत. त्यांनी दोन पोलरॉइडच्या चकत्या दिल्या. या एकमेकींवर विशिष्ट कोनात धरल्या की प्रकाश अडतो आणि काळोख होतो. मध्ये ताण नसलेली काच ठेवली तरी काळोख राहतो. ताण असलेली ठेवली, तर त्या जागी उजेड फुटतो. बायच्या ओसरीवर आम्ही खाली दिवा ठेवला, वर चकत्या धरल्या, मध्ये पाण्याची काचेची वाटी, आणि तिच्यात एकेक मणी बुडवून पाहिला. बहुतेक मणी गप्प राहिले. सहांच्या पोटात मात्र फिकट उजेडाचे पट्टे उमटले. बायने वाकून पाहिले, आणि म्हणाली, “किती छान दिसतं रे!” तिचे म्हणणे खरे होते. ताण प्रकाशात सुंदर दिसतो.

पांढरे मणी अपारदर्शक. त्यांतून प्रकाश जात नाही. ते सहाही भट्टीतून आलेले होते, पण त्याला आमच्या आठवणीखेरीज साक्ष नव्हती, आणि आमच्या आठवणीची किंमत आता आम्हांला कळली होती. बायने मात्र ती मानली. दोन निळे मात्र सापडले नाहीत. कदाचित त्यांतला ताण उजेड पडण्याइतका नसेल. सगळी माळ सुटी करून पाठवावी, असे आम्ही सुचविले. बायने नकार दिला. ती म्हणाली, “राहू दे दोन. फुटले तर तुझ्यामुळे, एवढं आता मला ठाऊक आहे. मग भीती कसली?”

गार झालेला मणीही पुन्हा भट्टीत घालता येतो, मात्र अतिशय हळूहळू तापवीत. जावई नाताळला आले होते, त्यांच्याबरोबर ते सहा मणी आम्ही बाईंकडे पाठविले, आणि सोबतच्या पत्रात मुंबईच्या भट्टीविषयीचे खरे लिहिले. त्यांनी सहा मणी भट्टी लावून परत पाठविले, आणि फुटलेल्याच्या जागी स्वतः केलेला एक सातवा. चिठ्ठीत फक्त तापमान आणि तास लिहिले होते.

राहिला तो मुलगा. त्याचे बाजारात भाजीचे दुकान आहे. आम्हांला पाहिले की तो अजून उठून उभा राहतो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आम्ही त्याला १९९१ ची गोष्ट सांगितली: गुण आम्ही वाढविले होते, त्याला कोणी शिकविलेच नव्हते, आणि तो मठ्ठ नव्हता. त्याचा बाप आता नाही. हे ऐकायचा हक्क खरे तर त्याचाही होता. त्याने तराजूतली वजने उगाच इकडची तिकडे ठेवली. दिवसभर पाव, अर्धा, पाऊण करणारा तो माणूस. मग म्हणाला, “सर, हे एकदा माझ्या मुलीला येऊन सांगाल का? सातवीत आहे. ती म्हणते, गणित आपल्या घराण्यातच नाही.”

दर शनिवारी आम्ही तिच्याकडे जातो. भाकरीपासून सुरुवात केली आहे.